दिशा कळते, नाव कळत नाही



शिवाजी पेठेत आम्ही काही कार्यकर्ते पोलीस भरतीच्या पोरापोरींचा संध्याकाळी अभ्यास घेतो. परवा एक पोरगी वही मिटून बसली. क्लासच्या सरांनी तिला सांगितलं होतं, "बुद्धिमत्ता उपजत असते, तुला हे जमायचं नाही." गणित काय? एक माणूस उत्तरेकडे 5 किमी गेला, उजवीकडे वळून 3, पुन्हा उजवीकडे वळून 9. तो मूळ ठिकाणापासून किती दूर आणि कोणत्या दिशेला?

आम्ही तिला रंकाळ्यावर नेलं. मावळत्या सूर्याकडे पाठ केली की समोर पूर्व, डावा हात उत्तर, उजवा दक्षिण. मग तीच पावलं मोजत चालली. उत्तरेला 5, पूर्वेला 3, दक्षिणेला 9. म्हणजे निघाली तिथून 4 पावलं दक्षिणेला, 3 पूर्वेला. 16 आणि 9 मिळून 25, अंतर 5. दिशा तिनं बोटानं अचूक दाखवली. नाव मात्र येईना. आग्नेय!

गोम इथंच आहे. आग्नेय अग्नीची, वायव्य वायूची, नैऋत्य निर्ऋतीची, ईशान्य ईशानाची. ज्या घरात वास्तुशांत होते, तिथल्या पोरांच्या कानावर ही नावं आपोआप पडतात. आमच्या आज्या उगवती-मावळतीवर बांध ओळखायच्या. आणि दिशेचा अर्थ आम्हाला कुणी शिकवावा? वस्ती गावाच्या कोणत्या अंगाला, पाणवठा कोणत्या, हे जातच ठरवत आली.

अमेरिकेत कार्ल ब्रिगहॅमनं 1923 साली सैन्यातल्या चाचण्यांवरून काही वंशांना उपजत कमी बुद्धीचं ठरवलं. 1930 मध्ये त्यानंच ते निष्कर्ष मागे घेतले. आपले 'मेरिट'वाले अजून 1923 मध्येच आहेत. याच कोल्हापुरात 26 जुलै 1902 ला राजर्षी शाहूंनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासलेल्यांसाठी राखल्या, तेव्हाही लायकीचीच ओरड झाली होती.

काही साथी म्हणतात, असल्या चाचण्याच बंद पाडा. मागणी रास्त आहे, आम्हीही सोबत आहोत. पण लेखी पेपर 100 गुणांचा, वेळ 90 मिनिटं, आणि वयोमर्यादा मोर्चासाठी थांबत नाही. तीन संध्याकाळी चालून ती पोरगी आता अशी गणितं पटापट सोडवते. तीन दिवसांत आलेली बुद्धी उपजत कशी, हे त्या सरांनी सांगावं.

रविवारी सकाळी सावलीची गणितं घेणार आहोत. पुस्तकात सकाळची सावली बरोबर पश्चिमेला पडते. हिवाळ्यात रंकाळ्यावर ती वायव्येकडे झुकलेली दिसेल. पेपरात मात्र पश्चिमच लिहा.