जबाबदारी तुझी, चावी माझी

मी बँकेत कारकून आहे आणि कारकूनच राहणार आहे. बढतीची संधी मला तीनदा आली आणि तिन्ही वेळा मी ती नम्रपणे परत पाठवली. आमच्याकडे बढतीचं पत्र आणि बदलीचं पत्र हे जुळे भाऊ आहेत; एक दारात आलं की दुसरं जिन्यात चपला काढत असतं. तेव्हा ज्यानं आयुष्यभर जबाबदारी टाळली, त्यानं जबाबदारीवर लिहावं का, असं कुणी विचारील. माझं म्हणणं, त्यानंच लिहावं. ओझं उचलणाऱ्याला त्याचं वजन नंतर कळतं. टाळणाऱ्यानं ते आधीच अंदाजून ठेवलेलं असतं.

माझ्या घरापासून पाच मिनिटांवर एक गॅरेज आहे. दुचाक्यांचं. पुण्यात माणसांपेक्षा दुचाक्या जास्त, असं आम्ही पुणेकर मोजदाद न करता सांगत असतो. पण शनिवारी सकाळी त्या गॅरेजसमोर उभं राहिलं की मोजदाद करायची गरजही वाटत नाही. फुटपाथ गाड्यांनी भरलेला, रस्त्याचा एक तृतीयांश भाग गाड्यांनी भरलेला, आणि उरलेल्या रस्त्यावर मालक उभे राहून सांगत असतात, "या साहेब, लावा, जागा आहे."

या गॅरेजात बारा-तेरा वर्षांपूर्वी दहावी झालेला एक मुलगा कामाला लागला. मालकांनी त्याचं नाव विचारण्याआधीच त्याला 'छोटू' म्हणून हाक मारली आणि चहा आणायला पाठवलं. पुढे तो टायर उतरवू लागला, प्लग साफ करू लागला, "चौदाचा दे रे" म्हटल्यावर न बघता चौदाचाच पाना देऊ लागला. मग एक दिवस त्यानं इंजिन खोललं आणि पुन्हा बसवलं, तर एकही नट उरला नाही. घरचं घड्याळ मी एकदा खोललं होतं. त्यातून उरलेल्या सामानात दुसरं घड्याळ झालं असतं. तेव्हा या माणसाविषयी मला आदर का वाटतो, हे ध्यानात यावं.

आज छोटूला मिशा आहेत, दोन मुली आहेत आणि थोडंसं पोटही आहे. पण तो छोटूच आहे. आमच्या बँकेत शिपायालाही लोक 'मामा' म्हणतात. गॅरेजात मात्र माणूस आजोबा होईपर्यंत छोटू राहू शकतो.

दोन वर्षांपूर्वी खंडेनवमीला त्याला बढती मिळाली. पाने, पकडी, हातोड्या पुसून पाटावर मांडलेल्या. त्यांना हळदकुंकू, झेंडू. मालकांनी सगळ्या हत्यारांना गंध लावलं आणि उरलेलं बोटाला होतं ते छोटूच्या कपाळाला लावून जाहीर केलं, "आजपासून तू हेडमिस्त्री. सगळी जबाबदारी तुझी." पेढे वाटले. मी त्या वेळी तिथं होतो. दोन पेढे खाल्ले. म्हणजे या कटात मीही सामील आहे.

'सगळी जबाबदारी' म्हणजे काय, ते मी पुढे जाता-येता पाहिलं. सकाळी साडेआठला शटर वर करायचं ते छोटूनं. आलेल्या प्रत्येक गाडीचं दुखणं ऐकून घ्यायचं ते छोटूनं. नाना पेठेतून सामान आणायचं, दोन नव्या पोरांना शिकवायचं, त्यांनी बिघडवलेलं सुधारायचं, प्रत्येक गाडीची ट्रायल मारायची, आणि बिल पाहून गिऱ्हाइकाच्या कपाळावर आठी पडली की ती पुसायची, तेही छोटूनं. एप्रिल २०२० पासून बीएस-सहाच्या गाड्या आल्या, कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. नुसत्या कानानं इंजिनाची तक्रार ओळखणारा हा माणूस रात्री घरी बसून स्कॅनर वाचायला शिकला. त्या शिकण्याचा भत्ता? साहेब, तुम्ही बँकेतले, म्हणून तुम्हाला असले प्रश्न पडतात.

पगार थोडा वाढला. ते मी मालकांच्या बाजूनं नोंदवतो; जमेची बाजू लपवणं वाणिज्य शाखेच्या पदवीधराला शोभत नाही. पण एक गोष्ट बदलली नाही. मालकांच्या गल्ल्यामागे लाकडी फळी आहे, तिच्यावर खिळे आहेत आणि खिळ्यांवर गिऱ्हाइकांच्या चाव्या. त्या चाव्या द्यायच्या त्या मालकांनीच. गाडी तयार आहे की नाही हे छोटूला ठाऊक; गाडी जाणार की नाही हे मालक ठरवणार. माझं सगळं भांडण या फळीशी आहे.

गेल्या वर्षीच्या जुलैतली गोष्ट. शनिवारी सकाळी मी स्कूटर टाकली आणि बजावलं, "संध्याकाळी हवीच. उद्या मेहुण्याकडे सत्यनारायण आहे." संध्याकाळी सातला गेलो तर छोटू म्हणाला, "साहेब, आज नाही देत. मागचे लायनर पार संपलेत. केबलचा नट आवळून आवळून टोकाला आलाय, पुढं आटाच नाही. तुमच्या गाडीचे शू आत्ता मिळाले नाहीत. उद्या रविवार. सोमवारी बसवून देतो."

यावर शहाणा माणूस काय म्हणेल? "बरं" म्हणेल. मी म्हणालो, "अरे, एवढे दोन दिवस चालव की ढकलून! मी काय रेस लावणार आहे?"

छोटू मान हलवत राहिला. तेवढ्यात गल्ल्यावरून आवाज आला, "दे रे. साहेब आपले जुने आहेत. काही होत नाही." आणि मालकांनी फळीवरची चावी काढून माझ्या हातात ठेवली. मी विजयी मुद्रेनं छोटूकडे पाहिलं. एका कारकुनानं एका तज्ज्ञाचा पराभव केला होता.

दुसऱ्या दिवशी सहकारनगरच्या उतारावर मागचा ब्रेक दाबला, तर तो एखाद्या सरकारी अर्जासारखा खाली गेला आणि काहीही घडलं नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाक्यांना एक लिव्हर दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागण्याची सोय, नाहीतर एबीएस, सक्तीचं झालं. माझी स्कूटर त्याआधीची. घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. रस्ता ओला. पुढचं चाक सरकलं आणि मी, सौभाग्यवती आणि प्रसादासाठी घेतलेली केळी असे तिघे एका टोमॅटोच्या हातगाडीखाली विसावलो. मला खरचटलं. तिच्या मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर होतं तेवढे सगळे आठवडे मी पोळ्या केल्या. त्या जाडीनं आणि चवीनं इतक्या भक्कम होत्या की छोटूनं त्या ड्रममध्ये बसवल्या असत्या तर दहा हजार किलोमीटर पाहायला नको.

सोमवारी मी गॅरेजवर गेलो. मी तोंड उघडायच्या आत मालकांनी तोंड उघडलं, आणि ते छोटूवर. "हेडमिस्त्री तू ना? मग गाडी अशी बाहेर गेलीच कशी? जबाबदारी कुणाची?" वर माझ्याकडे वळून, "साहेब, टोमॅटोचे पैसे याच्या पगारातून कापतो."

छोटू काही बोलला नाही. फडक्यानं हात पुसत राहिला. हात केव्हाच पुसून झाले होते.

आणि मी? मला सगळं माहीत होतं. "सोमवारी देतो" हे त्याचं वाक्य माझ्या कानांनी ऐकलं होतं. मी "पैसे नको, राहू द्या" एवढं म्हणालो आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो. त्या महिन्यातली संकष्टी कधी होती हे मला आजही पाठ आहे.

हे गॅरेज एकटंच असं आहे, असं समजू नका. जिथं काम फार आणि माणसं थोडी, तिथं जबाबदारी अशीच वाटली जाते. पेढ्याबरोबर. चांगल्या कारागिराला आपण बढती देतो म्हणजे त्याला दोष द्यायची सोय करून ठेवतो. आधी चूक झाली तर कुणाची, हे शोधावं लागायचं. आता शोधायला नको; कपाळावर गंध आहे तोच.

आमच्या बँकेला लोक नावं ठेवतात. ठेवा. पण आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. मॅनेजर कितीही तापला तरी माझ्या सहकाऱ्याकडची किल्ली त्याच्या खिशात जात नाही. मी नोंद करतो, दुसरा ती मंजूर करतो. किती रकमेपर्यंत कुणी मंजूर करायची, हे लेखी असतं. जेवढा अधिकार तेवढीच जबाबदारी. एक रुपयाही जास्त नाही. नोटांसाठी आपण एवढी काळजी घेतो. ब्रेकवर तर माणूस बसलेला असतो, आणि बहुधा त्याच्या मागं त्याची बायको.

हे सगळं मी एके दिवशी मालकांना ऐकवलं. ते म्हणाले, "साहेब, तुमचं बँकेचं वेगळं." मी म्हटलं, "बरं, कारखान्याचं घ्या. जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर दोरी असायची. दोष दिसला की साध्या कामगारानं ती ओढायची. दोष वेळेत निस्तरला नाही तर अख्खी लाइन थांबायची." मालक म्हणाले, "ते जपान आहे."

हे उत्तर मला अपेक्षित होतं. म्हणून मी त्यांना जपानहून थेट स्वारगेटला आणलं. "एसटीचं घ्या मग. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली. तेव्हापासून आपल्याला माहीत आहे की ड्रायव्हर कितीही मोठा असो, कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही. दोरी कंडक्टरच्या हातात, म्हणून जबाबदारी त्याची. तुम्ही छोटूला कंडक्टर केलंत आणि दोरी स्वतःच्या खिशात ठेवलीत."

मालक जरा गप्प झाले. मग त्यांनी खरं कारण सांगितलं, आणि ते तसं खोटं नव्हतं. "साहेब, त्यानं नाही म्हटलं की गिऱ्हाईक वीस पावलांवरच्या दुसऱ्या गॅरेजात जातं. आणि अधिकार दिला की हाच उद्या समोर स्वतःचं गॅरेज टाकतो. मीपण असंच टाकलं." बोलताना त्यांनी नकळत डोक्यावरून हात फिरवला. तिथं त्यांच्या उस्तादानं कधीकाळी पाना हाणला असणार.

दुसऱ्या भीतीला उत्तर सोपं आहे. कारागीर अधिकार मिळाला म्हणून जात नाही. दुसऱ्याच्या हट्टाबद्दल आपण बोलणी खातो म्हणून जातो. पहिल्या भीतीचं उत्तर मात्र मालकांकडे नाही. ते माझ्याकडे आहे आणि तुमच्याकडे आहे. "आजच हवी" म्हणणारे आपण. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या १९० व्या कलमात धोकादायक दोष माहीत असूनही गाडी रस्त्यावर आणणाऱ्याला शिक्षा आहे. मी ते कलम वाचलं तेव्हा त्यात मिस्त्री शोधत होतो. सापडलो मीच.

तेव्हा मालकांसमोर, चार गिऱ्हाइकांच्या देखत, मी एकदाचं सांगून टाकलं, "त्या दिवशी यानं नाही म्हटलं होतं. हट्ट माझा होता आणि चावी तुम्ही दिलीत." उशीर झाला होता, हे मला मान्य आहे. थकलेलं कर्ज उशिरा फेडलं तरी बँक पावती देते. छोटूनं दिली नाही. तो खाली मान घालून प्लगचं अंतर मोजत होता.

मग मी त्यालाच विचारलं, "तुला काय पाहिजे? पगार?"

"पगार तर पाहिजेच," तो म्हणाला. "पण साहेब, शेठना सांगा, फळीवरचा एक खिळा माझा करा. त्याच्यावरची चावी मी काढीन तेव्हाच निघायची. शेठनीपण काढायची नाही."

मालक हसले. पण चार दिवसांनी फळीच्या कोपऱ्यात एक नवा खिळा दिसला. जरा वाकडा होता. मालकांनी स्वतः ठोकला असावा. त्यांचा कारागिरीचा हात आता गेलाय.

परवा माझीच चावी त्या खिळ्यावर लटकत होती. मी घड्याळ पाहिलं, घसा साफ केला आणि मालकांकडे वळलो. ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "माझ्याकडे नका बघू. खिळा त्याचा आहे."

छोटू म्हणाला, "उद्या दुपारी, साहेब."

"बरं," मी म्हणालो. "उद्या येतो. तुम्ही म्हणाल तेव्हा." 'तुम्ही' हा शब्द ऐकून त्यानं मागं वळून पाहिलं, दुसरं कुणी उभं आहे का म्हणून.

मी चालत घरी आलो. सौभाग्यवतीनं विचारलं, "उशीर का झाला? आणि गाडी कुठाय?"

म्हटलं, "एका अधिकाऱ्यानं अडवलीय."