घेईन रे, पण कोणत्या भावाला?

रायपूरच्या तात्यापारा भागात राहणाऱ्या एका शिक्षिकेच्या हाती निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटीचे चार लाख रुपये आले. पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत असलेल्या भाच्याने फोनवरच सांगून टाकले, "आत्या, बँकेत ठेवून काय करणार? आयटीचे शेअर घे आणि दहा वर्षं विसरून जा." धाकटीचे लग्न तर दोन-तीन वर्षांवर आलेले. बाईंनी भाजी घेताना विचारावे तसे साधेच विचारले, "घेईन रे, पण कोणत्या भावाला?"

हे विचारायचे बहुतेकांच्या राहूनच जाते. इन्फोसिसचे उदाहरण घ्या. 1981 साली पुण्यात सुरू झालेल्या या कंपनीने 1993 मध्ये 95 रुपयांना शेअर विकायला काढला, तर पुरेसे गिऱ्हाईकच मिळेना! शेवटी मॉर्गन स्टॅन्लीने मोठा हिस्सा उचलला. सात वर्षांनी मात्र आयटीचे नाव ऐकताच लोक मिळेल त्या भावाला धावत होते. अमेरिकेचा नॅसडॅक निर्देशांक मार्च 2000 मध्ये 5,000 च्या वर गेला, ऑक्टोबर 2002 मध्ये 1,100 च्या आसपास आला आणि जुनी उंची गाठायला 2015 उजाडले. त्यातल्या सगळ्याच कंपन्या काही वाईट नव्हत्या. भाव वाईट होता.

मग रास्त भाव ओळखावा कसा? शेअरच्या भावाला दर शेअरमागच्या वार्षिक नफ्याने भागावे. समजा, भाव 1,000 आणि नफा 20 रुपये, म्हणजे 50 पट. पाच वर्षांत नफा दुप्पट होऊन 40 रुपये झाला, पण तोवर लोक 25 पटच द्यायला तयार असले, तर भाव पुन्हा हजारच! तोच शेअर 500 ला घेतला असता, तर पैसे दुप्पट. त्यातून आपल्या बड्या आयटी कंपन्यांची बरीच कमाई अमेरिकेतून येते. तिथे मंदी आली की इथला नफा थबकतो. म्हणून एका वर्षाच्या नफ्यावर भुलू नये. पाच-सात वर्षांचे अहवाल पाहावेत, पूर्वी तोच शेअर किती पटीने विकला जात होता तेही पाहावे. (भाचे मंडळी हे सहसा सांगत नाहीत.)

बाईंनी लग्नाचे अडीच लाख पोस्टात ठेवले. उरलेल्या दीड लाखाचे सहा भाग केले आणि दोन कंपन्यांपुढे आपण जास्तीत जास्त किती भाव देणार, ते आकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवले.

पंधरा दिवसांनी भाच्याचा फोन आला, "घेतलेस का गं, आत्या?"

"एकीचा पहिला हप्ता घेतला. तुझी कंपनी अजून महाग आहे."