किरकोळ खर्चातली नायिका

मध्यंतरी एका गावच्या जत्रेतलं ‘संशयकल्लोळ’ पाहून परतत होतो. पहाटेचे साडेचार वाजले असतील. पुढे दोघेजण चालले होते, त्यांचं बोलणं कानावर आलं.

“बायल बरी गायली रे.”

“गायली, पूण बालगंधर्व ते बालगंधर्व!”

बोलणाऱ्याचं वय पन्नाशीच्या आसपास. बालगंधर्व गेले १९६७ साली. म्हणजे ह्या गृहस्थांनी बालगंधर्वांची रेवती पाहिली असण्याचा प्रश्नच नाही. समोर तीन-चार तास उभी राहून गाणारी बाई मात्र त्यांनी पाहिली होती. तिचं नाव त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्यांचा तरी काय दोष? ते फलकावर नव्हतंच.

हे वाक्य मी गोव्यात इतक्यांदा ऐकलंय की आता ते मत राहिलेलं नाही, सवय झाली आहे. ह्या सवयीविरुद्ध आज लिहायचं आहे. आणि आधीच कबूल करतो, आरोपीच्या पिंजऱ्यात मीही आहे.

आपल्याकडे जत्रेचं संगीत नाटक कसं उभं राहतं ते वाचकांना ठाऊक आहेच. पुरुषपात्रं गावची. अश्विनशेठ पोस्टात, फाल्गुनराव शाळेत, भादव्या दुकानात. दोन-दोन महिने तालमी चालतात, चहा-भजी होतात, रुसवेफुगवे होतात. नायिका मात्र बाहेरून येते. मानधन ठरवून, बहुधा प्रयोगाच्याच दिवशी. हंगामात आज ह्या गावी रेवती, उद्या त्या गावी रुक्मिणी, परवा तिसरीकडे सिंधू. कंपन्या बंद पडल्या, पण दौरा बंद पडला नाही. तो एकेका बाईच्या पिशवीत बसून गावोगाव फिरतो आहे.

२००९ सालची गोष्ट. मी नुकताच सरकारी खात्यात एल. डी. सी. म्हणून लागलो होतो. कारकून आहे, हिशेब नीट लिहील, म्हणून एका गावच्या मंडळाने वही माझ्या हातात दिली. नाटक हेच, ‘संशयकल्लोळ’. रेवती करणाऱ्या बाई दुपारच्या बसने आल्या. आदल्या रात्रीचा प्रयोग दुसऱ्या तालुक्यात झालेला, आवाज किंचित बसलेला. हातात दोन पिशव्या. एकीत शालू, खोटे दागिने, गंगावन. दुसरीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली नकलेची वही. चहा घ्यायच्या आधी त्यांनी दोनच प्रश्न विचारले. “तुमचे अश्विनशेठ कुठल्या पट्टीत गातात?” आणि “तुम्ही कुठले प्रवेश गाळता?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. ऑर्गनवाल्याबरोबर पंधरा मिनिटं पदांची तोंडं पाहून झाली, तीच तालीम. कपडे बदलायला देवळामागची खोली दिली, जिच्यात समया, सतरंज्या आणि मोडक्या खुर्च्या ठेवतात. दाराला आतून कडी नव्हती. त्यांनी दाराला खुर्ची लावली. ते पाहूनही मी पुढे गेलो.

दुसऱ्या अंकात आमचे अश्विनशेठ वाक्य विसरले आणि थेट दोन पानं पुढची भाषणं बोलू लागले. विंगेत आम्ही डोक्याला हात लावला. बाई क्षणभर थांबल्या, मग रागावलेल्या रेवतीच्याच आवाजात त्यांनी एक प्रश्न टाकला, जो देवलांनी लिहिलेला नाही. त्या प्रश्नाचं उत्तर देता देता अश्विनशेठ बरोबर गाळलेल्या जागी परत आले. प्रेक्षकांना पत्ताही लागला नाही. नाटक संपल्यावर हार अश्विनशेठांच्या गळ्यात पडले. गावचाच मुलगा, कौतुक व्हायला हवंच.

पहाटे पैसे द्यायची वेळ आली. फंड कमी जमला, म्हणून ठरल्यापेक्षा पाचशे रुपये कमी द्यायचे असं कार्यकारिणीने ठरवलं. मांडववाल्याचे कापले नाहीत, ध्वनिक्षेपकवाल्याचेही नाहीत. त्यांचे कापले असते तर पुढच्या वर्षी मांडव उभा राहिला नसता. बाईंनी नोटा मोजल्या आणि एवढंच म्हणाल्या, “पुढच्या वर्षाक दुसरी पळयात.” मग पहिल्या बसची वाट पाहत बाकावर बसल्या.

हिशेब मी लिहिला. मांडव, वीज, ध्वनी, रंगभूषा, पेटी-तबला, प्रत्येकापुढे नाव आणि रक्कम. बाईंची रक्कम कुठल्या शीर्षाखाली घालायची असं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “घाल रे किरकोळात.” मी घातली. नाटकाची नायिका किरकोळ खर्चात, सुतळी आणि खिळ्यांच्या मधे. त्या बाईंचं नाव आज मी इथे लिहू शकलो असतो. पण जिथे लिहायचं होतं तिथे लिहिलं नाही आणि आता त्यांना न विचारता लिहिणं हा दुसरा आगाऊपणा होईल.

आता कोणी म्हणेल, एका गावचा अनुभव, त्यावरून एवढा राग कशाला? राग एका गावाचा नाही. ही आपली जुनी रीत आहे. कलेचा अभिमान मिरवायचा आणि ती कला पोटाशी धरून गावोगाव फिरलेल्या बाईला दारात उभं करायचं.

कुर्डीच्या मोगूबाई घ्या. आज आपण ‘गानतपस्विनी’ म्हणून हात जोडतो. १९७४ साली पद्मभूषण मिळालं तेही अभिमानाने सांगतो. पण ही मुलगी आधी फिरत्या नाटक मंडळीत होती. आईने तिला चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत घातलं. आई लवकर गेली. पुढे ती सातारकर स्त्री संगीत मंडळीत गेली. ज्या काळात मोठ्या कंपन्यांत नायिका पुरुष करत होते, त्या काळात ह्या मंडळीत बायकाच नाटक उभं करत. तिथून बाहेर पडावं लागल्यावर सांगलीत अल्लादिया खाँसाहेबांच्या कानावर तिचं गाणं पडलं आणि पुढचा इतिहास घडला. आपण इतिहास नेहमी सांगलीपासून सुरू करतो. नाटकातली वर्षं आपल्या लेखी किरकोळात.

बांदिवड्याच्या ज्योत्स्नाबाई घ्या. माहेरच्या केळेकर, लग्नानंतर भोळे. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये त्या रंगमंचावर आल्या. १९४२ साली रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने ‘कुलवधू’ काढलं, संगीत मास्टर कृष्णरावांचं, आणि भानुमती ज्योत्स्नाबाईंची. बायकोच्या यशाने नवऱ्याचा अहंकार दुखावतो आणि बायको घराबाहेर पाऊल टाकते, अशी गोष्ट. ते पाऊल टाकणारी बाई आपल्या फोंडा तालुक्यातली! शालू सावरून लाजणाऱ्या नायिकेचा जो साचा ठरून गेला होता, त्यात भानुमती बसत नव्हती. ती कोणाची नक्कल करून उभी करता येण्यासारखी नव्हतीच. पुण्यात हिराबागेत ज्योत्स्ना भोळे सभागृह आहे. आपल्याकडे मात्र नाट्यसंगीताच्या गप्पा निघाल्या की बालगंधर्व, मास्टर दीनानाथ… आणि मग चहा येतो.

बालगंधर्वांविषयी माझ्या मनात आदरच आहे. स्त्रियांना रंगमंचावर येणं कठीण होतं त्या काळात त्यांनी स्त्रीचं जे रूप उभं केलं, ते अद्भुत असणारच. पण त्यांचं नाव आपण वापरतो कशासाठी? मोजपट्टी म्हणून. आणि ती अशी, की जिच्यावर कुठलीही बाई कधीच पुरी पडणार नाही. मग तिला नीट ऐकायचं कारण उरत नाही, तिचं नाव लक्षात ठेवायचं कारण उरत नाही आणि पाचशे रुपये कापायला लाज वाटत नाही. वास्तविक बालगंधर्वांनंतर संगीत नाटक जगलं ते कोणाच्या गळ्यावर? जयमालाबाई आणि कीर्ती शिलेदार ‘मराठी रंगभूमी’चा संसार पाठीवर घेऊन गावोगाव फिरल्या म्हणून ना?

दुसरा मुद्दा जातीचा. ज्या कलावंत घरांनी गोव्याला गाणं दिलं, त्या घरांतल्या बायकांना आपण आडनावाने कधी ओळखलं? नाटकवाली बाई आली की आजही कुजबुज होते, “खंयची? कोणाली?” गंमत म्हणजे ‘संशयकल्लोळ’ची रेवती स्वतः नायकिणीच्या घरची. तिच्यावर जीव टाकणाऱ्या अश्विनशेठला आपण टाळ्या देतो आणि मांडवामागे जाऊन नटीचं कूळ विचारतो. देवल असते तर त्यांनी ह्यावरच आणखी एक अंक लिहिला असता.

“तिला पैसे देतो ना?” हा ठरलेला युक्तिवाद. देतो, आणि म्हणूनच बोलतोय. व्यवहार आहे तर तो व्यवहारासारखा करा. “मंडळं हौशी आहेत, पैसा नसतो” हेही ऐकलंय. रोषणाईला असतो.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. फलकावर नायिकेचं नाव, नायकाच्या अक्षराएवढ्याच अक्षरात. आतून कडी लागणारी खोली. ऑर्गन-तबल्यासह एक पुरी तालीम, तिच्या पट्टीत. ठरलेलं मानधन तिसऱ्या घंटेच्या आधी, पाकिटात. आणि हिशेबाच्या वहीत वेगळं शीर्ष.

शेवटची मागणी कारकुनी वाटेल. पण सरकारी नोकरीत मी एक गोष्ट शिकलो. ज्याला शीर्ष नाही, त्याची तरतूद होत नाही. आमच्या गावच्या मंडळाची वही अजून माझ्याकडेच असते. गेल्या वर्षी मी त्यात मांडवाच्या वर एक ओळ घातली, ‘नायिका’, आणि पुढे नाव लिहिलं, ठळक. बैठकीत एकाने विचारलं, “हें कित्याक?” मी म्हटलं, “पेटी-तबल्यापुढे नावं आहेत ना? मग हिच्यापुढे का नको?”

कोणी काही बोललं नाही. सही झाली.