स्टेडियमवर ७० कोटी डॉलर, सात कॅम्पसना कुलूप: पेन स्टेटमध्ये काय चाललंय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठानं आपले फुटबॉल कोच जेम्स फ्रँकलिन यांना काढलं. करार मुदतीआधी मोडल्याबद्दल त्यांना द्यावे लागणारे पैसे तेव्हा सांगितले गेले ते सुमारे ४.९ कोटी डॉलर. त्याच वर्षी मे महिन्यात याच विद्यापीठाच्या विश्वस्तांनी राज्यातले आपले सात छोटे कॅम्पस बंद करायचा ठराव २५ विरुद्ध ८ मतांनी मंजूर केला होता. कारण पैशाचंच: विद्यार्थी घटले, खर्च झेपत नाही.

दोन्ही बातम्या शेजारी ठेवल्या की कुणालाही राग येईल. पण हिशेब इतका सरळ नाही, म्हणून जरा सविस्तर बघू. बेळगाव, हुबळी, बडोदा, इंदूर, हैदराबाद, सगळीकडच्या मराठी घरांतली मुलं आता अशाच विद्यापीठांच्या गावांत मास्टर्स करायला जातात. त्या गावाचं पोट कशावर चालतं हे इथल्या आई-वडिलांना ठाऊक असलेलं बरं.

पेनसिल्व्हेनियाच्या मधोमध डोंगररांगांमध्ये हे गाव आहे. गावाचं नावच स्टेट कॉलेज. १८५५ साली इथं शेतकी शाळा निघाली, तिचंच पुढे विद्यापीठ झालं. गावची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत चाळीस हजारांच्या घरात, आणि बीव्हर स्टेडियमची क्षमता एक लाखाच्या वर. घरच्या मैदानावर सामना असला की त्या शनिवारी एकट्या स्टेडियममध्ये जमणाऱ्या गर्दीपेक्षा मोठी शहरं राज्यात तीनच: फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग आणि ॲलनटाउन. (फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा नव्हे. अंडाकृती चेंडू, हेल्मेट, धक्काबुक्की, तो.)

असे शनिवार वर्षाला सहा-सात. शुक्रवारपासूनच मोठमोठ्या गाड्या येऊन लागतात, पार्किंगमध्ये शेगड्या पेटतात, सकाळपासून खाणंपिणं सुरू. हॉटेलवाले एका रात्रीसाठी खोली देत नाहीत, दोन रात्री घ्या म्हणतात, आणि भाडं वाटेल तसं. बसचे मार्ग बदलतात. ज्याला खेळाशी काही देणंघेणं नाही तो गुरुवारीच किराणा भरून घेतो. विद्यार्थी पुढच्या रांगेतली जागा मिळावी म्हणून मोठ्या सामन्याआधी काही दिवस स्टेडियमबाहेर तंबू ठोकून राहतात. एका सामन्याला तर अख्खं स्टेडियम पांढरे कपडे घालून येतं.

हे वेड आपल्याला अगदीच परकं नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध प्रॅक्टिस ज्यांनी पाहिलंय, त्यांना फार समजावून सांगायला नको. फरक एवढाच की तिथं माणूस पेठेचा असतो, इथं विद्यापीठाचा. आपल्या विद्यापीठांच्या नशिबी मात्र हे कधी आलं नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धा होतात, पोरं जीव तोडून खेळतात, आणि बघायला कोण? राखीव खेळाडू आणि मैदान राखणारा माळी.

या गावाचं अवलंबित्व किती आहे ते २०२० साली दिसलं. कोविडमुळे हंगाम आधी पुढे ढकलला, मग ऑक्टोबरअखेर सुरू केला तो प्रेक्षकांविना. सामने झाले, टीव्हीवर दिसले, पण गावात माणूसच आला नाही. उलट डिसेंबर २०२४ मध्ये प्लेऑफचा एक जादा सामना घरच्या मैदानावर मिळाला. सुट्टीमुळे मुलं घरी गेलेली, गाव ओस पडायचे दिवस, त्यात अचानक गर्दीचा शनिवार. म्हणजे गावातल्या हॉटेलवाल्याचं वर्ष चांगलं गेलं की वाईट, हे काही प्रमाणात एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांच्या खेळावर ठरतं.

आणि माणूस ज्यावर जगतो त्याला प्रश्न विचारत नाही. २०११ साली माजी सहायक कोच जेरी सँडस्की याच्यावर लहान मुलांच्या लैंगिक अत्याचाराचे आरोप लागले (पुढच्या वर्षी तो ४५ गुन्ह्यांत दोषी ठरला). मुख्य कोच जो पॅटर्नो यांना विश्वस्तांनी काढलं, त्या रात्री हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले, टीव्हीची गाडी उलटवली. राग मुलांवरच्या अन्यायाचा नव्हता, कोचला काढल्याचा होता. गावाला तो दिवस आठवायला आवडत नाही. आपण मात्र तो विसरून चालणार नाही.

आता पैशाकडे येऊ. २०२१ पर्यंत या खेळाडूंना शिष्यवृत्ती आणि राहण्या-जेवणाचा खर्च, याच्यापलीकडे काही घ्यायला बंदी होती. कोच लाखो डॉलर घेणार, टीव्ही कंपन्या अब्जावधी मोजणार, आणि ज्याचा गुडघा फुटतो तो 'हौशी'. जुलै २०२१ पासून जाहिरातींतून कमवायची मुभा मिळाली. मग ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एक मोठी तडजोड मंजूर केली: विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला मर्यादा २.०५ कोटी डॉलर, शिवाय जुन्या खेळाडूंना भरपाई म्हणून दहा वर्षांत सुमारे २८० कोटी. माझ्या मते हे व्हायलाच हवं होतं, उशीरच झाला. (एफ-१ व्हिसावरच्या परदेशी खेळाडूला मात्र हे पैसे घेताना व्हिसाचे नियम आडवे येतात.)

प्रश्न उरतो हे दोन कोटी आणायचे कुठून. टेनेसी विद्यापीठानं हंगामी तिकिटांवर दहा टक्के 'टॅलेंट फी' लावली. क्लेमसननं विद्यार्थ्यांकडूनच सत्राला १५० डॉलर खेळ-शुल्क घ्यायला सुरुवात केली. तेव्हा पोराच्या फीचं बिल आलं की एकेक ओळ वाचा. त्यानं एकही सामना पाहिला नसला तरी त्यात क्रीडा विभागाचा वाटा असू शकतो.

पेन स्टेटचं म्हणणं वेगळं आहे. क्रीडा विभाग स्वतःच्या कमाईवर चालतो, शिक्षणाच्या फीला हात लावत नाही. मे २०२४ मध्ये मंजूर झालेलं स्टेडियमचं नूतनीकरण, कमाल खर्च ७० कोटी डॉलर, तेही कर्ज काढून क्रीडा विभागच फेडणार. कागदावर हे खरं आहे. कोचचे पैसे वाचले असते तरी ते बंद होणाऱ्या कॅम्पसला मिळाले नसते. (फ्रँकलिन लगेच व्हर्जिनिया टेकला गेले आणि द्यायची रक्कम ९० लाखांवर आली, ही विद्यापीठाची चांदी.)

पण खाती वेगळी असली तरी निर्णय घेणारे विश्वस्त तेच. स्टेडियमची गोष्ट येते तेव्हा ते पुढच्या वीस-तीस वर्षांच्या कमाईचा अंदाज धरून कर्ज काढतात. सुइट विकल्या जातील, संघ जिंकत राहील, टीव्हीचे करार वाढतील. संघ मात्र त्या भाकिताप्रमाणे वागत नाही. २०२५ चा हंगाम देशात दुसऱ्या क्रमांकावर सुरू झाला आणि ओळीनं तीन सामने हरून कोच गेला. छोट्या कॅम्पसची गोष्ट आली की मात्र भविष्याचा अंदाज उलट्या दिशेनं: मुलं घटली, आणखी घटतील, बंद करा. धोका पत्करायची तयारी एका बाजूलाच दिसते.

त्या सात कॅम्पसमध्ये विद्यापीठाचे चार टक्क्यांहून कमी विद्यार्थी आहेत, हे खरं. पण ड्युबॉइस, फायेट, मॉन्ट अल्टो, न्यू केन्सिंग्टन, शेनँगो ही नावं खाणी-कारखान्यांच्या, आटत चाललेल्या भागांतली आहेत. घरी राहून, काम करत शिकणाऱ्याची सोय तिथं होती. खानापूर किंवा चंदगडच्या कॉलेजात एसटीनं जाणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. ते कॉलेज उठवलं आणि 'शहरात जा' म्हटलं, तर किती जणी जातील?

स्टेट कॉलेजमध्ये सध्या नव्या कोचची चर्चा आहे. मॅट कॅम्पबेल आयोवा स्टेटहून आले आणि मागून त्यांचे बरेच खेळाडूही. हंगामी तिकीटवाल्यांना अर्ध्या संघाची नावं नव्यानं पाठ करावी लागणार. वेळापत्रकाप्रमाणे २०२७ च्या वसंत सत्रानंतर ते सात कॅम्पस बंद होतील, आणि त्याच वर्षीच्या हंगामाआधी स्टेडियमची नवी पश्चिम बाजू तयार असेल.