चित्राच्या पाठीवरची ओळ

नगर शहराच्या पूर्वेस, पाथर्डीच्या वाटेवर, शाहडोंगराच्या माथ्यावर जी तिमजली अष्टकोनी दगडी वास्तू उभी आहे, तिचे छायाचित्र ज्याने कधीच काढले नाही असा हौशी छायाचित्रकार आमच्या जिल्ह्यात शोधूनही सापडणार नाही. आषाढात ढग खाली उतरून तिच्या कमानींतून आरपार वाहू लागले, की रविवारच्या पहाटे मोटारसायकलींची रांग डोंगर चढू लागते, आणि त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत ‘चांदबिबी महाल’ या नावाची चित्रे घरोघरच्या मोबाईलवर येऊन पडतात. वस्तुतः तो महाल नव्हे आणि चांदबिबीचाही नव्हे. मूर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची ती कबर आहे. लोकांच्या जिभेवर पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले नाव कोणी हिरावून घ्यावे असे माझे म्हणणे नाही. परंतु जो माणूस त्या वास्तूच्या प्रत्येक कमानीवर पडणारे ऊन घटकेघटकेला ओळखतो, त्याने आपल्या चित्राखाली ती वास्तू कोणाची हे लिहू नये, ते चित्र कोणत्या दिवशी घेतले हेही लिहू नये, याची मला खंत वाटते, आणि या लेखात मला सांगायचे आहे ते त्या न लिहिलेल्या ओळीविषयीच.

छायाचित्रणाचा नाद असलेल्या आमच्याकडील काही मंडळींच्या मासिक बैठकींना मी गेली काही वर्षे नियमाने जातो. औषधाचे दुकान सांभाळणारे एक गृहस्थ, एमआयडीसीत पाळीवर काम करणारे दोघे तरुण, एक शाळामास्तर, लग्नसराईत रात्रंदिवस राबणारा एक स्टुडिओवाला आणि एक सेवानिवृत्त तलाठी असा तो मेळा आहे. महिन्यातून एकदा आऊटिंग, एकदा चित्रांची चर्चा, आणि वर्षाकाठी एक प्रदर्शन, एवढाच त्यांचा कार्यक्रम. पण एकाने दुसऱ्याला फुकट शिकवावे, स्वतःची लेन्स निःशंकपणे त्याच्या हाती द्यावी, आणि त्याचे चित्र आपल्याहून सरस आले तर मोकळ्या मनाने तसे म्हणावे, ही वृत्ती मला अन्य संस्थांत फारशी आढळलेली नाही. म्हणूनच या मंडळींकडून अधिक मागण्याचा अधिकार मला वाटतो.

मागच्या हिवाळ्यातील एका बैठकीत पडद्यावर एक चित्र आले आणि खोलीतील कुजबुज थांबली. पहाटेचे धुके, उसाचा अर्धा तोडलेला फड, आणि डोक्यावर मोळी घेऊन गाडीकडे चाललेली एक स्त्री. मोळी वाढ्यानेच बांधलेली होती. पाचटाने हात ओरखडू नयेत म्हणून तिने साडीवर पुरुषाचा जुना सदरा चढवला होता, आणि एका मनगटातील हिरव्या बांगड्यांपैकी एक तडकलेली असून तिच्या कडेवर पहाटेच्या उन्हाचा बारीक ठिपका चमकत होता. तो ठिपका टिपणाऱ्या मुलाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. चित्राला त्याने ‘कष्ट’ असे नाव दिले होते. चर्चा प्रकाशाची झाली, रचनेची झाली, पार्श्वभूमी किती धूसर असावी याची झाली, आणि सर्वांत शेवटी आमच्या तलाठीभाऊंनी विचारले, “बाईचं नाव काय? अन्‌ शिवार कुठलं?” मुलगा गप्प राहिला. तलाठीभाऊ शांतपणे म्हणाले, “बाबा, गट नंबर नसला तर जमीन कुणाची म्हणायची? मोजणी किती का चोख होईना.” पुढच्या रविवारी तो मुलगा त्या फडावर परत गेला तेव्हा कोप्या उठलेल्या होत्या, राखेच्या चुली तेवढ्या उरल्या होत्या, आणि टोळी दुसऱ्या गावी गेल्याचे कळले. पाथर्डी-शेवगावकडून दरसाल कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या हजारो माणसांपैकी त्या एका बाईचे इतके सुंदर चित्र आज अस्तित्वात आहे, आणि ते तिच्या लेकराबाळांपर्यंत पोचण्याची वाट मात्र कायमची बंद झाली आहे.

हा दोष त्या मुलाचा एकट्याचा नाही; या कलेच्या मंडळांइतकाच तो जुना आहे. दागेरची प्रक्रिया पॅरिस येथे १८३९ साली प्रकट झाली, आणि अवघ्या पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि ज्यांनी शाईची लेखणी नुकतीच हाती धरली होती अशा आपल्या तरुणांनी रसायनांनी काळवंडलेल्या बोटांनी काचेवर चित्रे उमटवण्यास आरंभ केला. त्या सोसायटीच्या आश्रयाने विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून हौशी छायाचित्रकारांचा जो संग्रह क्रमशः प्रसिद्ध केला, त्यात मूळ छायाचित्रे कागदावर चिकटवून त्यांच्या जोडीला वर्णनाचा मजकूर छापलेला असे. चित्र आणि शब्द यांनी जोडीनेच जन्माला यावे ही समज त्या पहिल्या पिढीला होती, हे मला फार मोलाचे वाटते.

परंतु त्या मजकुरातही एक उणीव होतीच, आणि ती आपण डोळे उघडे ठेवून पाहिली पाहिजे. समोर उभ्या केलेल्या माणसाची जात लिहिली जाई, धंदा लिहिला जाई, पागोट्याची तऱ्हा लिहिली जाई. बहुधा त्याचे नाव तेवढे राहून जाई. माणूस नमुना म्हणून नोंदवला गेला, माणूस म्हणून नव्हे. पुढे जॉन्सनने मुंबईतील जातीजमातींवर जो ग्रंथ काढला, त्यात स्टुडिओत टिपलेल्या मंडळींना दुसऱ्याच एखाद्या स्थळाच्या पार्श्वभूमीवर जोडून छापण्याची युक्ती वापरली आहे. पाहणाऱ्यास ती माणसे तेथेच उभी होती असे वाटावे. दीड शतकाहून अधिक काळ लोटल्यावर आमच्या बैठकीतील ‘कष्ट’ हे चित्र आणि जॉन्सनचा तो नमुना यांत अंतर किती, असा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि त्याचे उत्तर मला त्रासदायक वाटले.

अकोले तालुक्यातील काजव्यांची गोष्ट याच जातीची आहे. मे महिना सरत आला, वळवाचे दोन शिडकावे झाले, की भंडारदऱ्याच्या परिसरात, घाटघर-साम्रद-रतनवाडीच्या बाजूस, हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा या झाडांवर काजव्यांचे थवे एका लयीत उजळतात आणि एका लयीत विझतात. त्या अंधारात उभे राहिलेला माणूस आपोआप हलक्या आवाजात बोलू लागतो. त्या दृश्याची जी चित्रे आपण पाहतो, त्यांत झाड नखशिखांत पिवळ्या ठिणग्यांनी भरून गेलेले असते. तसे झाड कोणाच्या डोळ्यांनी पाहिलेले नाही. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून पंधरा-पंधरा, तीस-तीस सेकंदांची अनेक एक्स्पोजर घ्यावयाची आणि नंतर संगणकावर एकावर एक रचून त्यांचे एक चित्र करावयाचे, अशी ती कृती आहे. मी तिला लबाडी म्हणत नाही. तासाभराचा काळ एका कागदावर गोळा करणे ही स्वतंत्र विद्या आहे, आणि तिच्यासाठी रात्र रात्र डासांत बसावे लागते. माझे म्हणणे एवढेच, की ‘चाळीस एक्स्पोजर, एकूण अवधी वीस मिनिटे’ असे चित्राखाली लिहावे. ते न लिहिल्यामुळे होते काय, की शहरातून आलेला पर्यटक चित्रातले झाड शोधत रानात शिरतो, ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून विजेऱ्या पाजळतो, गाडीचे दिवे लावतो, आणि ज्या काजव्यांना एकमेकांना शोधण्यासाठी केवळ आपल्या पोटातील प्रकाशाचाच आधार आहे, त्यांचा विणीचा काळ उधळून लावतो. एका वगळलेल्या ओळीचा परिणाम एवढ्या दूरवर पोचतो.

आणि ज्या ठिकाणी काही नाहीसेच होत चालले आहे, तेथे तर तारीख आणि गाव हीच त्या चित्राची किंमत ठरते. कर्जत-श्रीगोंद्याच्या माळरानांवर एके काळी माळढोक फिरत असे. सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांचा मुलूख मिळून १९७९ साली माळढोकासाठी जे अभयारण्य घोषित झाले, त्याचा मूळ विस्तार सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होता. पुढे तो बाराशेच्या आसपास आला, आणि पक्षी तर आता जवळजवळ दिसेनासाच झाला. त्या काळी एखाद्या हौशी माणसाने मिरजगावच्या किंवा राशीनच्या माळावर घेतलेले, मागे दिवस आणि शिवार लिहिलेले एक धूसर चित्र जरी आज पुढे आले, तरी ते शंभर पारितोषिकांच्या तोलाचे ठरेल. रेहेकुरीचे काळवीट आहेत, उद्याही असोत. पण त्यांच्या उडीचे चित्र काढताना मागचे गवत किती उंच होते, पाणवठ्यात पाणी होते की नव्हते, हे त्याच चित्रात आपोआप नोंदले जाते, मात्र तारीख असेल तरच. पारनेरच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहण्यापूर्वीची क्षितिजरेषा कशी होती, हिवरे बाजारचे डोंगर हिरवे होण्यापूर्वी कसे होते, हे एकाच ठिकाणी उभे राहून वर्षानुवर्षे घेतलेली चित्रे जसे सांगतील तसे कोणताही अहवाल सांगणार नाही.

चित्र स्वतः बोलले पाहिजे, त्याला शब्दांची कुबडी कशाला, असा आक्षेप आमच्या बैठकीत मला ऐकावा लागतो, आणि तो घेणारे लोक या कलेत माझ्याहून फार पुढे आहेत. प्रदर्शनाच्या भिंतीवर ते म्हणणे मला मान्य आहे. तेथे चित्र एकटे असू द्यावे. मी बोलतो आहे ते त्याच्या पाठीविषयी. देशोदेशींच्या सलोनमध्ये चित्रे स्वीकारली जावीत, आणि त्या स्वीकृतींच्या गणतीवर नावापुढे उपाधी लागावी, ही आकांक्षा योग्यच आहे. नगरच्या मुलाचे चित्र परदेशी भिंतीवर लागले की मलाही अभिमान वाटतो. पण परीक्षकापुढे क्षणभर झळकून गेल्यावर ते चित्र जाते कोठे? हार्डडिस्कमध्ये, आणि ती एके दिवशी बंद पडते. मोबाईलच्या पोटात तारीख असतेच की, असे तरुण म्हणतात. परंतु व्हॉट्सॲपवरून चित्र नेहमीच्या रीतीने पाठवले, की ते आक्रसते आणि आतील तारखेची व स्थळाची नोंद गळून पडते. हातोहात फिरणाऱ्या चित्रांना म्हणूनच आईबाप राहत नाहीत. त्यात या शहराचे नावही २०२४ मध्ये बदलून अहिल्यानगर झाले; कोणते चित्र कोणत्या नावाच्या काळातले, हा प्रश्न आणखी पन्नास वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला पडेल, तेव्हा उत्तर देण्यास आपण असणार नाही.

ज्या निजामशाही मुलखात मलिक अंबरने जमिनीच्या धाऱ्याची घडी बसवली, त्या मुलखाला नोंदीचे महत्त्व बाहेरून कोणी शिकवावे असे नाही. येथे दफ्तर ही शतकांची सवय आहे. रुमालांत बांधलेल्या कागदांच्या आधाराने आपण इतिहास लिहिला. तलाठीभाऊंनी आमच्यासाठी एक नोंदवही आखून दिली आहे, आणि सातबारा लिहिणाऱ्या हाताची शिस्त तिच्या प्रत्येक रकान्यात दिसते: अनुक्रमांक, गाव व तालुका, दिनांक व वेळ, कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेस, चित्रातील व्यक्तीचे नाव आणि तिची संमती, चित्रात मागाहून केलेला फेरफार. ‘फेरफार’ हा शब्द त्यांनी मुद्दाम ठेवला. प्रत्येक सभासदाने वर्षाला बारा चित्रे या वहीत चढवावीत, त्यांच्या टिकाऊ कागदावरील प्रती कराव्यात, एक संच नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयास द्यावा, आणि ज्याचे चित्र आहे त्याला एक प्रत नेऊन द्यावी, अशी माझी सूचना आहे. शेवटचे कलम सर्वांत कष्टाचे आहे, हे मी जाणतो. फडावर, धनगरवाड्यावर, यात्रेतल्या दुकानदाराकडे दुसऱ्यांदा जावे लागते. पण दुसऱ्यांदा गेलेल्या छायाचित्रकाराला माणसे बसायला घोंगडी टाकतात, आणि त्या वेळी मिळणारे चित्र पहिल्या वेळेला मिळत नाही.

हे सारे मी इतक्या आग्रहाने लिहितो आहे त्याचे कारण माझ्या घरातील एका ट्रंकेत आहे. वडिलांजवळ क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो बसत, आणि ते बारा फोटो कधी कधी वर्षभर पुरवले जात. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी कर्जत तालुक्यातील खडीकामाचा एक फोटो घेतला. उन्हाने डोळे बारीक केलेल्या नऊ बायका एका ओळीत बसल्या आहेत, प्रत्येकीच्या पुढे फोडलेल्या दगडांचा ढीग, एकीच्या मांडीवर मूल, आणि ओळीच्या टोकाला सुकडीचे पातेले. वडील गेले, आईही गेली. फोटोची पाठ कोरी आहे. तिच्यावर स्टुडिओचा पुसट शिक्का तेवढा आहे. परवा बैठकीहून परतल्यावर मी तो काढला, आणि शाई कागदातून पुढे उमटेल म्हणून मऊ शिसपेन्सिलीने पाठीवर लिहिले: ‘खडीकाम, कर्जत तालुका, १९७२. उजवीकडून तिसरी माझी आत्या. बाकीच्या आठजणींची नावे विचारायची आहेत.’ आत्याच्या गावात तिच्या बरोबरीच्या दोन म्हाताऱ्या अद्याप आहेत असे कळले आहे; येत्या रविवारी फोटो घेऊन मी तिकडे निघालो आहे.