कांदा आणि कायदा

कांदा महागला म्हणजे शहरांतील गृहिणी सरकारकडे पाहते. तो मातीमोल झाला म्हणजे शेतकरी पाहतो. सरकारनें ऑगस्ट २०२३ मध्यें कांद्याच्या निर्यातीवर शेंकडा ४० कर बसविला व डिसेंबरांत निर्यातच बंद केली. लासलगांवच्या बाजारांत भाव तत्काळ कोसळले. बंदी मे २०२४ मध्यें उठली. कर मात्र पूर्णपणें रद्द व्हावयास १ एप्रिल २०२५ उजाडला. शहरांत स्वस्ताई राहावी हा हेतु स्तुत्य खरा. परंतु तिचें मोल एकट्या शेतकऱ्यानें कां द्यावें? गरिबाचें ताट स्वस्त करावयाचें असल्यास सरकारनें रास्त दरानें कांदा घेऊन कमी दरानें विकावा व तूट खजिन्यांतून भरावी, असें आम्हांस वाटतें. विद्यार्थिमित्रहो, खजिना सर्वांचा आहे. ओझेंहि सर्वांनींच वाहिलें पाहिजे.