विषाला उगमापाशीच अडवावे

आपल्या भाषेत 'जीवन' या शब्दाचा एक अर्थ पाणी असाही आहे. पूजेच्या आरंभी ज्या जलाचे आपण आवाहन करतो, त्यातच शिसे, पारा, कॅडमियम यांसारखे धातू मिसळले, तर ते डोळ्यांस दिसत नाहीत आणि पाणी उकळल्याने जात नाहीत. शिसे तर वाढत्या मुलांच्या बुद्धीवरच घाला घालते.

असे धातू वेगळे काढण्याचा एक सुंदर उपाय म्हणजे द्रवपटल. १९६८ साली अमेरिकेत नॉर्मन ली यांनी त्याचे पेटंट मिळविले. आम्लाचे सूक्ष्म थेंब तेलात घुसळावयाचे आणि ते तेल दूषित पाण्यात ढवळावयाचे. तेलातील वाहक द्रव्य पाण्यातला धातू उचलते, आतल्या आम्लात सोडते आणि नव्या फेरीसाठी परतते. ऑस्ट्रियातील लेन्झिंग येथील कारखान्याने सांडपाण्यातील जस्त याच रीतीने काढले. पूर्वी या कामी बहुधा रॉकेलसारखी तेले वापरीत. आता संशोधक सूर्यफूल, मका यांची तेले योजून पाहत आहेत. एक दूषण काढण्याकरिता दुसरे नको, हा विचार स्वागतार्हच होय.

परंतु या युक्तीचे खरे स्थान कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाशी आहे. धातू एकदा दूरवर पसरला, की तो तिच्या आवाक्यात राहत नाही. मिशिगनमधील फ्लिंट शहराचे उदाहरण बोलके आहे. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचविण्यासाठी तेथे नदीचे पाणी घेण्यात आले. नळ झिजू नयेत म्हणून घालावयाचे द्रव्य मात्र घातले गेले नाही, आणि जुन्या नळांतील शिसे घरोघरी पोहोचले. तेथे उणीव ज्ञानाची नव्हती, दक्षतेची होती.

आपले पूर्वज करारावर मॉरिशसच्या ऊसमळ्यांत राबले. जाब विचारणे त्यांना फार महाग पडे. आपणांस तो अधिकार विनासायास लाभला आहे, तो वापरावा. शिशाच्या नळांची नोंद १६ ऑक्टोबर २०२४ पर्यंत करणे येथील पाणीपुरवठा संस्थांना बंधनकारक होते. प्रत्येक कुटुंबाने ती मागून आपल्या घराचा नळ पाहावा.

आणि विसर्जनासाठी मंडळाने बिनरंगाची, साध्या मातीचीच गणेशमूर्ती घ्यावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. ज्या जलात देवाला निरोप द्यावयाचा, त्यात आपणच विषारी रंग कालविले, तर कोणतेही तेल ते परत काढून देणार नाही.